आमच्याकडचं जुनं मातीचं धरण पायथ्याशी झिरपतंय, पिण्याचं पाणी तिथूनच येतं आणि वर बोटिंग, पिकनिकही चालू आहे. धोका आहे का?

नुसतं झिरपतंय म्हणून घाबरू नका. मातीचं धरण थोडंफार झिरपतंच, पाझरलेलं पाणी माती न घेता बाहेर यावं म्हणून नवीन धरणांत पायथ्याकडे वाळू-खडीचा फिल्टर देतात, जुन्यांत तो बऱ्याचदा नसतो. पाणी नितळ असेल आणि दरवर्षी साधारण तेवढंच येत असेल तर नजर ठेवायची, बस. पण गढूळ यायला लागलं किंवा तलावाची पातळी तीच असताना गळती वाढली तर आतून माती वाहून चाललीय असं धरा आणि लगेच कळवा, कारण मग वेळ नसतो. अमेरिकेतलं टीटन धरण ५ जून १९७६ ला असंच गेलं, सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं, आणि ते तर नवं कोरं होतं, पहिल्यांदाच भरत होते.

मला खरं टेन्शन पिकनिकवाल्या भागाचं आहे. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण मुळात कालव्याला पाणी पुरवायला बांधलेलं, नंतर ते एका श्रीमंत क्लबने मासेमारी आणि बोटिंगसाठी घेतलं. पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते ते परत बसवले नाहीत, बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला, वर मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर) जाळ्या. ३१ मे १८८९ ला जोराचा पाऊस झाला, जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खाली जॉन्सटाउनकडे २,२०९ माणसं मेली. मातीच्या भरावावरून पाणी वाहायला लागलं की तो टिकत नाही हो, दगडी धरण कदाचित तग धरेल.

म्हणून तुमच्याकडे आधी सांडवा बघा, त्यात स्टॉल, जाळी, गाड्यांचं पार्किंग असलं काही आहे का. मग माथा, गाड्या जाऊन कुठे खोलगट झालाय का. स्पीडबोटीच्या लाटांनी आतल्या बाजूचं दगडी पिचिंग (लाटांपासून माती वाचवणारा दगडांचा थर) निसटतं तेही बघा. खेकडे-उंदरांच्या बिळांवर लोक हसतात पण ती खरंच मोजायची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पुरवठ्यासाठी पातळी फार झपाट्याने उतरवत असतील तर आतला उतार घसरू शकतो, कारण बाहेरचं पाणी जातं पण भिजलेली माती तशीच जड राहते.

आणि भरावावर मोठी झाडं असतील तर उत्साहाने तोडायला जाऊ नका, मुळं कुजली की आत पोकळ वाटा राहतात, ते काम इंजिनिअरला विचारूनच. पायथ्याला झिरपून ओल येते तिचा फोटो दर महिन्याला एकाच जागेवरून काढा, मागे तलावाची पातळी लिहा, तक्रार करताना तोच कामाला येतो.