शेजारी देशांतल्या सामाजिक विषयांवरच्या शॉर्ट फिल्म्स घरच्यांसोबत बघायच्या तर कुठून सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय की पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश वगैरे शेजारच्या देशांतल्या, आजच्या सामाजिक प्रश्नांवरच्या चांगल्या शॉर्ट फिल्म्स कोणत्या आणि घरातल्या मोठ्या माणसांसोबत त्या बघता येतील का. येतील की, आमच्या घरी इंदूरला रामबागेत आम्ही बघतोच, सासूबाई असतात, शेजारच्या काकू येतात, मुलगा असतो (मोबाइलमध्ये डोकं घालून, पण असतो).

माझं ऐकाल तर पाकिस्तानपासून सुरुवात करा, कारण सोपं आहे, आपण इंदूरवाले दिवसभर हिंदीतच भांडतो त्यामुळे उर्दू कानाला परकी वाटत नाही, पंजाबी निम्मी कळते, आणि सबटायटल वाचताना चष्मा शोधत बसणाऱ्या माणसांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तिथली दिग्दर्शिका शर्मीन ओबैद चिनॉय हिची 'अ गर्ल इन द रिव्हर' घ्या. ४० मिनिटांची डॉक्युमेंटरी, २०१६ ला ऑस्कर मिळालं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी स्वतःच्या पसंतीने लग्न करते, बाप आणि काका तिला गोळी घालतात, पोत्यात भरून पाण्यात फेकतात आणि ती वाचते. इथपर्यंत आपण पेपरात वाचतो तसंच, आणि आपल्याकडे असलं होत नाही म्हणायची सोयही नाही, मुरैना-भिंडकडच्या बातम्या वाचतोच की आपण. पण खरी फिल्म पुढे आहे. तिथल्या कायद्यात तेव्हा अशी सोय होती की घरच्यांनी माफ केलं तर गुन्हेगार सुटतो, आणि मारणारे घरचेच, माफ करणारेही घरचेच! ही मुलगी जिवंत असल्यामुळे माफी तिच्याच हातात, ती सुरुवातीला ठाम नाही म्हणते, मग मोहल्ल्यातले मोठे लोक, सासरचे, सगळे समजवायला लागतात की इथेच राहायचंय ना तुला. शेवटी माफ करते. बाप सुटून घरी येतो आणि कॅमेऱ्यासमोर सांगतो की या प्रकाराने माझी इज्जत वाढली. आमच्या काकू इथे ताडकन बोलल्या, "अगं, पण तिने माफ केलंच कशाला?" आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "राहायचं कुठे होतं तिने?" फिल्म बंद करून अर्धा तास हेच चाललं होतं.

२०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या ऑफिसात ही फिल्म दाखवली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचला तिच्या भावाने मारलं, आणि ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा बदलला, की घरच्यांनी माफ केलं तरी जन्मठेप. फिल्ममुळे कायदा बदलला असं सर्रास लिहितात, मला ते थोडं जास्त वाटतं, तिथल्या बायका कित्येक वर्षं या मागणीसाठी झगडत होत्या. आणि कंदीलच्या भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झाली खरी, पण २०२२ मध्ये हायकोर्टातून सुटला, आईने माफ केलं होतं. म्हणजे विषय अजून संपलेला नाही.

एक सांगते, अशा ऑस्करवाल्या डॉक्युमेंटरीजमध्ये बाहेरच्या माणसाला समजवायचा सूर असतो, सगळं उलगडून सांगतात. आपल्याला तेवढं कशाला, शेजारीच आहोत आपण. म्हणून त्यानंतर कथेच्या फिल्म्सवर या, तिथे कोणी समजवत नाही. नेपाळची 'दाद्या', बिभूषण बस्नेत आणि पूजा गुरुंग यांची, २०१६ ला व्हेनिसच्या फिल्म महोत्सवात होती. नेपाळातल्या जुमल्याकडचं डोंगरातलं गाव, माणसं निघून गेलेली, लाकडी पुतळे आणि एक म्हातारं जोडपं उरलेलं, त्यात त्यांचा जुना मित्रही न सांगता गाव सोडतो. फार संथ आहे, मुलगा उठून गेला, पण ज्यांची पोरं पुण्या-बंगलोरला आणि अमेरिकेत आहेत त्या आमच्या गल्लीतल्या लोकांना एक अक्षर समजवावं लागलं नाही.

नेटफ्लिक्स असेल तर अफगाणिस्तानची 'थ्री साँग्ज फॉर बेनझीर' तिथेच आहे, २२ मिनिटं. काबूलच्या विस्थापितांच्या छावणीतला नवीन लग्न झालेला पोरगा, त्याला सैन्यात जायचंय आणि घरचे हमी द्यायला तयार नाहीत. बायकोला चिडवत गाणी म्हणतो तो भाग इतका गोड आहे की पुढचं बघवत नाही.

बांगलादेशात ही परंपरा जुनी आहे बरं का, १९८४ मध्येच मोरशेदुल इस्लाम यांनी मुक्तिसंग्रामावर 'आगामी' नावाची शॉर्ट फिल्म केली होती, तीही लष्करी राजवटीत. आताच्यांत अदनान अल राजीवची 'अली' मिळाली तर सोडू नका, समुद्राकाठचं असं गाव जिथे बायकांनी गायचं नाही, आणि तिथला एक पोरगा गाण्याच्या स्पर्धेत उतरतो, २०२५ ला फ्रान्सच्या कान फिल्म महोत्सवात स्पेशल मेन्शन मिळालं. नुहाश हुमायूनची 'मोशारी' भुताची आहे, म्हणजे जग बुडालंय आणि दोघी बहिणी मच्छरदाणीत असतील तरच वाचतात. वरवर भीती, पण आत सगळा विषय मोठ्या बहिणीच्या अंगावर पडलेल्या आईपणाचा आहे. ही मात्र लहान मुलं झोपल्यावर लावा, आमच्या भाचीने दोन रात्री दिवा बंद करू दिला नाही.

राहिली सईम सादिकची 'डार्लिंग'. लाहोरच्या मुजरा थिएटरमधली ट्रान्स मुलगी आणि तिच्यावर जीव असलेला पोरगा, व्हेनिसला २०१९ मध्ये बेस्ट शॉर्ट ठरली, त्यातलीच अलीना खान पुढे त्याच्याच 'जॉयलँड' या मोठ्या सिनेमात दिसली. नाच वगैरे आहे, घरात कोण काय म्हणेल ते तुम्हालाच माहीत, म्हणून आधी एकट्याने बघून घ्या आणि मग ठरवा. आमच्याकडे काकूंना चाललं, सासरे मात्र पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.