पंचवीसशे आणि तीनशे

"गणित तिला जमतच नाही. विज्ञानातही आकडे आले की वही मिटते," आई सांगत होती. नववीतली मुलगी मान खाली घालून बसलेली. हीच तक्रार घेऊन बरेच पालक येतात. अशा वेळी मी आधी वही मागते, कारण चूक कशी झाली हे गुणांवरून कळत नाही.

वहीत पृथ्वी आणि चंद्राच्या वस्तुमानांची बेरीज होती. पृथ्वी ५.९७ × १० चा २४वा घात किलो, चंद्र ७.३५ × १० चा २२वा घात किलो. तिचं उत्तर : १३.३२ × १० चा ४६वा घात. खाली लाल फुली.

घातांकांची बेरीज करायची हा गुणाकाराचा नियम. तो तिला इतका पक्का येत होता, की बेरजेतही तोच हाताशी आला. हे मी आईसमोरच सांगितलं. मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं.

मग विचारलं, "अडीच हजार आणि तीनशे?"

"अठ्ठावीसशे."

"कसे केलेस?"

"अडीच हजार म्हणजे पंचवीसशे. त्यात तीनशे."

हजार आणि शे यांची थेट बेरीज होत नाही, म्हणून तिनं हजारांचे शे केले होते. न शिकवता. मी चंद्राच्या २२ वर बोट ठेवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग लिहिलं : ०.०७३५ × १० चा २४वा घात. घातांक दोनने वाढला, म्हणून दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे. बेरीज ६.०४३५, घातांक २४च.

पृथ्वीचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंतच दिलेला, म्हणून उत्तरही ६.०४ पर्यंतच ठेवायला सांगितलं. "म्हणजे चंद्र गेला?" तिनं काळजीनं विचारलं. गेला नाही, ५.९७ चे ६.०४ झाले ते त्याच्यामुळेच.

जुनं उत्तर मात्र मी खोडू दिलं नाही. सूर्याचं वस्तुमान सुमारे २ × १० चा ३०वा घात किलो, तेवढं शेजारी लिहायला लावलं. पृथ्वी आणि चंद्र मिळून सूर्याहून कोटी कोटी पटींनी जड? तिला हसू फुटलं. उत्तर आलं की ते ओळखीच्या एखाद्या आकड्याशेजारी ठेवून बघायचं, ही सवय मला नियमाहून मोलाची वाटते. मुलांना चूक आपली आपण पकडता आली, की लाल फुलीची भीती कमी होते.

जाण्याआधी तिनं स्वतःहून गुरू आणि शनी घेतले : १.८९८ × १० चा २७वा घात आणि ५.६८ × १० चा २६वा. या वेळी तिनं गुरूला २६वर उतरवलं. १८.९८ अधिक ५.६८, २४.६६.

"मॅडम, आता दशांशचिन्हाआधी एकच अंक हवा ना?" असं म्हणत तिनं २.४६६ लिहिलं, आणि २६ चे २७ केले.