डाव्या पक्षाची नवी दिशा पटत नसेल तर नाशिकच्या मतदाराने नेमके काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : घरातल्या दोन पिढ्यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या (माकप) विळा-हातोडा-ताऱ्याला मत दिले. २०२४ च्या लोकसभेला मतयंत्रावर ते चिन्हच नव्हते आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशालीला किंवा शरद पवार यांच्या राष्ट्रवादीच्या तुतारी वाजवणाऱ्या माणसाला मत द्या असा निरोप आला. पक्ष आता नुसत्या आघाडीपुरता उरला आहे असे वाटते. मग घरी बसावे, नोटा दाबावा, की पक्षाला काही सांगता येते?

सांगता येते. पण आधी राग नेमका कशाचा आहे ते ठरवा. ‘पक्ष बदलला’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात आणि तिन्हींची सुनावणी वेगवेगळ्या ठिकाणी होते. विचारांची दिशा दिल्लीत, पक्षाच्या महाअधिवेशनात ठरते. आघाडी आणि जागावाटप मुंबईत ठरते. शाखा झोपली, मोर्चा संपल्यावर कोणी फिरकले नाही, वनहक्काचा (कसत असलेल्या वनजमिनीचा) दावा लटकला, ही कामे तालुका आणि जिल्हा कमिटीची. तालुक्याच्या माणसासमोर दिल्लीचा राग काढला तर तो मान हलवतो आणि विषय तिथेच संपतो.

आता आघाडीचे. शिवसेनेच्या चिन्हावर बोट ठेवताना जुन्या लाल बावट्याच्या घरात हात अडखळतो, त्याला कारण आहे. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला आणि त्यांच्या जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. गिरणगावातली ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकली. म्हणून २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत भाकपने (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला पाठिंबा दिला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतल्या मतदाराला २०२४ मध्ये मशालीचे बटण दाबायला सांगताना हा इतिहास धरून बोलायला हवे होते. भाजपला हरवणे हे कारण पुरेसे आहे असे पक्ष मानतो. मलाही ते मोठे कारण वाटते, पण त्यासाठी मतदाराने आपली आठवण गिळावी अशी अपेक्षा धरणे चूक आहे.

मात्र कळवण-सुरगाण्याचा ओसरलेला जोर सगळा ‘नव्या दिशे’च्या नावावर टाकू नका. २००४ पर्यंत सुरगाणा हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, २००९ पासून, सुरगाणा कळवणला जोडला गेला. लाल बावट्याचे मूळ बळ सुरगाण्यात, तर कळवणच्या बाजूला पवार घराण्याची जुनी पकड. २००९ ला ए. टी. पवार जिंकले, २०१४ ला माकपचे जे. पी. गावित जिंकले, २०१९ आणि २०२४ ला नितीन पवार जिंकले. म्हणजे लढत आधीपासूनच काठावरची होती. पेठ तालुका तर दिंडोरी विधानसभेत आहे, त्यामुळे तिथली मते गावितांच्या पेटीत पडतच नाहीत. मतदारसंघाची रेघ सरकल्यामुळे झालेले नुकसान वेगळे आणि धोरणामुळे झालेले वेगळे. हे दोन्ही वेगळे मांडले नाहीत तर तुमच्या तक्रारीला पहिल्याच प्रश्नात खोडून काढतील.

म्हणून सर्वांत उपयोगी काम सांगतो : आपल्या केंद्राचे आकडे काढा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘नमुना २०’ मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली, एकूण वैध मते किती आणि नोटाला किती हे ओळीने दिलेले असते. कळवणचा मतदारसंघ क्रमांक ११७, दिंडोरीचा १२२, नाशिक पश्चिमचा १२५. लोकसभेचा तक्ताही विधानसभानिहाय असतो. कळवणसाठी चार तक्ते उतरवा : लोकसभा २०१९, विधानसभा २०१९, लोकसभा २०२४, विधानसभा २०२४.

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. ते केंद्र क्रमांक जुळवतात. मतदार वाढले की केंद्रे फुटतात, सरकतात, क्रमांक बदलतात. त्यामुळे मतदान केंद्रांची यादी सोबत घ्या आणि गाव, वस्ती, शाळेची इमारत यांवरून ओळी जुळवा. एका शाळेत दोन-तीन खोल्यांत केंद्रे असतील तर त्यांची बेरीज करून एक ओळ धरा. दुसरी चूक म्हणजे नुसती मते मोजणे. मतदान कमी-जास्त होते, म्हणून वैध मतांतली टक्केवारी काढा. टपाली मते केंद्रनिहाय नसतात, ती बाजूला ठेवा.

मग काय बघायचे? २०१९ च्या लोकसभेला दिंडोरीत गावितांना लाखाच्या वर मते होती. २०२४ ला माकपने जागा मागितली, गावितांनी अर्ज भरला आणि आघाडीसाठी मागे घेतला. भास्कर भगरे तुतारी वाजवणाऱ्या माणसावर निवडून आले. सहा महिन्यांनी कळवणमध्ये आघाडीचा उमेदवार विळा-हातोड्यावर उभा होता. आता प्रत्येक गावापुढे दोन आकडे मांडा : मे महिन्यात तुतारी वाजवणाऱ्या माणसाला किती टक्के आणि नोव्हेंबरमध्ये विळा-हातोड्याला किती टक्के. आपण मत दिले, ते परत आले का, हे या दोन आकड्यांत दिसते. सुरगाण्यात आकडा टिकला आणि कळवणच्या गावांत पडला असेल, तर मित्रपक्षांचा मतदार आपल्याकडे वळला नाही असा अंदाज बांधता येतो. दोन्हीकडे पडला असेल, तर घरचाच मतदार नाराज आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांवरचे औषधही वेगळे आहे.

हिशोब करताना एक खड्डा लक्षात ठेवा. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला ‘तुतारी’ हे चिन्ह मिळाले होते आणि त्याला लाखाच्या वर मते पडली. त्यांतली बरीच गोंधळाने गेलेली होती असे मानायला जागा आहे. तो रकाना वगळून तुलना केलीत तर निष्कर्ष चुकेल. आघाडीत दुसऱ्याचे चिन्ह घरोघरी पोचवायला किती मेहनत लागते हेही त्यातून कळते. निरोप पाठवून मते फिरत नाहीत.

आकडे हातात आले की पत्र लिहा, दोन पानांच्या आत. पहिल्या परिच्छेदात केंद्राचे नाव आणि आकडे. दुसऱ्यात कोणत्या निर्णयाबद्दल तक्रार आहे, तो निर्णय कोणत्या पातळीवर झाला. तिसऱ्यात नेमकी मागणी. ‘पक्षाने जनतेत जावे’ ही मागणी होत नाही. ‘आघाडीचा उमेदवार ठरण्याआधी आमच्या गावात बैठक घ्या, आणि वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांवर त्याने जाहीर भूमिका घ्यावी अशी अट घाला’ ही मागणी होते. वनहक्काच्या दाव्याबद्दल लिहिताना तो ग्रामसभेच्या पातळीवर अडला, उपविभागीय समितीत की जिल्हा समितीत, हेही लिहा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी गेलेल्या शेतकऱ्यांची ही मुख्य मागणी होती. लाल बावट्याच्या कोणत्याही कमिटीला ती टाळता येत नाही. एकाच केंद्रातल्या दहा-पंधरा मतदारांच्या सह्या घ्या, पत्र तालुका कमिटीला हाताने द्या, प्रत जिल्हा कमिटीला पाठवा आणि उत्तराची तारीख मागा. तेच पत्र आधी व्हॉट्सॲपवर फिरवलेत तर विरोधकांचा प्रचार म्हणून बाजूला पडेल.

वेळही साधली पाहिजे. माकपचे महाअधिवेशन साधारण तीन वर्षांनी होते : एप्रिल २०१८ हैदराबाद, एप्रिल २०२२ कन्नूर, एप्रिल २०२५ मदुराई. त्याआधी काही महिने शाखा, मग तालुका, जिल्हा आणि राज्य अशी अधिवेशने चढत जातात. राजकीय ठरावाचा मसुदा महाअधिवेशनाच्या दोन महिने आधी जाहीर होतो आणि सदस्य त्यावर दुरुस्त्या पाठवू शकतात. दुरुस्त्यांनी काही होत नाही हा समज खरा नाही. हैदराबादला काँग्रेसशी ‘समझोता किंवा निवडणूक आघाडी’ नको असे मसुद्यात होते. चर्चेनंतर ते शब्द बदलून फक्त ‘राजकीय आघाडी’ नको एवढेच उरले. आज तुम्हाला जी दिशा नवी वाटते, तिचे एक दार त्या शब्दबदलाने उघडले. म्हणून मसुदा वाचा, खटकणारे वाक्य शोधा, त्याजागी काय हवे ते एका वाक्यात लिहा आणि ओळखीच्या सदस्याच्या हातून दुरुस्ती पाठवा. पुढचे महाअधिवेशन वेळेवर झाले तर २०२८ च्या सुमारास येईल, म्हणजे शाखांच्या बैठका २०२७ च्या उत्तरार्धात.

स्वतः सदस्य व्हायचे असेल तर दोन सदस्यांची शिफारस लागते, एक वर्ष उमेदवार सदस्य म्हणून काढावे लागते आणि त्या काळात मताचा अधिकार नसतो. पुढे उत्पन्नानुसार लेव्ही, म्हणजे पक्षाची वर्गणी, भरावी लागते आणि शाखेत नेमून दिलेले काम करावे लागते. त्या बदल्यात मिळते ते मत, आणि थेट महाअधिवेशनापर्यंत अपील करण्याचा हक्क. पण निर्णय झाल्यावर त्याविरुद्ध बाहेर जाहीर बोलता येत नाही. ज्यांना उघड बोलायचेच आहे त्यांनी सदस्यत्व घेण्यापूर्वी याचा नीट विचार करावा. मतदार म्हणून तुम्हाला ती मोकळीक आज आहेच. मधला रस्ता आहे जनसंघटनांचा : शेतकऱ्याला किसान सभा, कामगाराला सिटू, महिलांना जनवादी महिला संघटना. तिथे पक्षाचे सदस्यत्व लागत नाही, वार्षिक वर्गणी भरून बैठकीत बोलता येते आणि तालुक्यातले नेतृत्व तिथेच घडते. नाराज मतदाराला मी आधी हा रस्ता सुचवेन.

आत राहून विरोध करणाऱ्यांची गत काय होते, याचे ताजे उदाहरण नाशिकशीच जोडलेले आहे. मदुराईला सिटूचे राज्याध्यक्ष डॉ. डी. एल. कराड केंद्रीय समितीसाठी अधिकृत यादीविरुद्ध उभे राहिले. मतदान झाले, त्यांना ३१ मते मिळाली, ते हरले. आकडा लहान आहे हे खरे. तरी अशी लढत नियमात बसते आणि तिची नोंद राहते.

आता मतदानाच्या दिवसाचे. लोकसभा-विधानसभेला नोटाचा निकालावर परिणाम शून्य. नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो आणि अनामत वाचवण्यासाठी लागणाऱ्या एक षष्ठांश मतांच्या हिशोबातही नोटा धरत नाहीत. शिवाय तुम्ही नोटा का दाबला हे पक्षाला कधीच कळत नाही. महापालिकेला गोष्ट वेगळी : राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मते पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. नाशिक महापालिकेत १२२ जागा आणि ३१ प्रभाग आहेत, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. अशा प्रभागात चार मते द्यायची असतात आणि चारही दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. अ गटात डावा उमेदवार असेल तर त्याला, ब मध्ये मित्रपक्षाचा पटणारा असेल तर त्याला, ड मध्ये कोणीच पटत नसेल तर नोटा, असे वेगवेगळे मत देता येते. पॅनेल म्हणून चारही बटणे एकाच बाजूची दाबायची सक्ती नाही. आपले मत टिकवून नाराजी दाखवायला मला याहून चांगली जागा दिसत नाही.

राग मित्रपक्षावर असेल तर तो तिकडे पोचवा. २०२४ ला सोलापूर शहर मध्यमध्ये माकपचे नरसय्या आडम उभे असताना काँग्रेसने आपला उमेदवार दिला आणि जागा भाजपकडे गेली. अशा वेळी माकपच्या तालुका सचिवाला झोडपून उपयोग नाही. तुमच्या मतावर निवडून आलेल्या मित्रपक्षाच्या खासदाराला तेच केंद्रनिहाय आकडे घेऊन भेटा आणि पुढच्या विधानसभेला त्याचा पक्ष इथे काय करणार हे लेखी विचारा.

शेवटचे साधन फंडाचे. माकपने निवडणूक रोखे घेतले नाहीत, उलट त्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रोखे रद्द झाले. त्यामुळे दारोदार गोळा होणारा फंड या पक्षाला खरोखर लागतो. फंड बंद करण्यापेक्षा तो देताना बोला. पावती घ्या, आधी दिलेल्या पत्राचे उत्तर कुठे अडले ते विचारा आणि पावतीवरची तारीख पत्राच्या प्रतीवर लिहून ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज पक्षाकडे करू नका, पक्ष त्याला उत्तर देत नाहीत. वार्षिक हिशोब आणि २० हजारांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते, ती पाहून मगच बैठकीला जा.