वॉरंटी संपताच लक्झरी एसयूव्हीचं इंजिन गेलं; सर्व्हिस सेंटर पूर्ण इंजिन बदला म्हणतंय, होकार द्यावा का?

आज देऊ नका. गाडी जेमतेम सत्तर हजार किलोमीटर चाललेली, वॉरंटी नुकतीच संपलेली आणि 'इंजिन सीझ झालंय', म्हणजे आतून जाम होऊन फिरेनासं झालंय, एवढंच तुम्हाला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. सीझ झालं हे दिसतंच आहे. कशामुळे झालं ते लेखी मागा. ते ठरल्याशिवाय खर्च कोणाच्या माथी हे ठरत नाही, आणि नवं इंजिनही त्याच वाटेनं जाणार नाही असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही.

इंजिनं खोलून बांधणं हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून आधी हातातलं काम सांगतो. जुनं ऑइल आणि ऑइल फिल्टर फेकू देऊ नका. थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत काढून ठेवा, लॅबमध्ये तपासता येतं. फिल्टर कापून त्याचा कागद पिळायचा आणि उजेडात उलगडायचा. घड्यांत चकाकणारी भुकटी दिसली की तिच्यावर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर लोखंड-पोलाद, म्हणजे संशय टायमिंग चेन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नाहीतर क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा). न चिकटता तांबूस किंवा रुपेरी चमक राहिली तर बहुधा बेअरिंगची शेल, म्हणजे क्रँकभोवती बसणारे पातळ अर्धवर्तुळाकार पत्रे, घासली आहेत. मग चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवून कनेक्टिंग रॉडची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) एक कॅप काढायला सांगा. चांगलं शेल एकसारखं करडं असतं. त्यात तांबं उघडं पडलं असेल तर ऑइलचा थर तुटून धातूला धातू लागला होता. फोटो तुमच्यासमोर काढून घ्या.

थर का तुटतो, हा खरा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांत सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते थकलेलं ऑइल. दोन वर्षं किंवा तीस हजार किलोमीटर ऑइल बदलू नका, असं काही कंपन्या सांगत आल्या आहेत. टर्बो लावलेल्या, जड गाडी ओढणाऱ्या इंजिनाला इतका अवधी देणं मला पटत नाही, तुम्हालाही पटू नये. डिझेल असेल आणि गाडी रोज थोडंसंच अंतर चालत असेल, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करण्याचं चक्र अर्धवट राहतं, त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. कित्येक महागड्या गाड्यांत डिपस्टिकच (ऑइल बघायची पट्टी) नसते. स्क्रीन पातळी ठीक दाखवते, कारण ती फक्त पातळीच बघते; तेल मात्र तेल राहिलेलं नसतं.

पण दोष प्रत्येक वेळी मालकाचा नसतो, आणि 'तुम्ही नीट वापरली नाही' हे ऐकून गप्प बसू नका. बीएमडब्ल्यूच्या एन६३ या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनात दोन्ही टर्बो इंजिनाच्या मधल्या खोबणीत, ऐन उष्णतेत बसवलेले. पुढे कंपनीनं स्वतःच त्याचा ऑइल बदलण्याचा अवधी कमी केला. पोर्शच्या सुरुवातीच्या व्ही८ कायेनमध्ये कूलंटचे प्लास्टिक पाइप तडकत, नंतर ॲल्युमिनियमचे आले. २०२४ मध्ये टोयोटानं अमेरिकेत सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत लेक्सस एलएक्स ६०० होती. कारखान्यातला धातूचा कीस इंजिनात राहून गेला होता. २०२५ मध्ये जनरल मोटर्सनं ६.२ लिटर व्ही८ च्या, कॅडिलॅक एस्कलेडसह, अमेरिकेतल्याच जवळपास सहा लाख गाड्यांसाठी तेच केलं. तिथं क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमध्ये खोट होती. म्हणून तुमचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल, म्हणजे दोषासाठी गाडी अशी परत बोलावणं, आहे का बघा. असेल तर ते काम फुकट होतं, वॉरंटी संपलेली असली तरी बहुतेक वेळा.

रिकॉल नसेल तर डीलरला वगळून थेट उत्पादक कंपनीला पत्र लिहा. सोबत सर्व्हिसची सगळी बिलं आणि ते फोटो जोडा, आणि खर्चातला वाटा मागा. वॉरंटी नुकतीच संपलेली आणि सर्व्हिस वेळेवर झालेली असेल तर कंपन्या पुष्कळदा काही भाग उचलतात. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही. इंजिन खोलण्याची मजुरी आधी तुम्हालाच भरावी लागेल. दोष कंपनीचा निघाला तर ती परत मिळेल, हे खोलण्याआधीच लिहून घ्या.

मजुरीचा आकडा बघून दचकाल, पण तो नेहमी फुगवलेला नसतो. काही गाड्यांत टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये मोठ्या कामांसाठी अख्खी बॉडी चासीवरून उचलतात.

क्रँक आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) शाबूत असेल तर तेच इंजिन खोलून, दुरुस्त करून बांधून घेणं मला जास्त पसंत. बदलायचंच ठरलं तर बिलात ऑइल कूलर, ऑइलच्या लाइनी आणि टर्बोची तपासणी आहे का ते ओळीओळीनं पाहा. जुन्या इंजिनाचा कीस कूलरच्या बारीक नळ्यांत अडकून बसतो, धुऊन पूर्ण निघत नाही. तोच कूलर परत लावला तर तो कीस पहिल्याच दिवसापासून नव्या बेअरिंगमध्ये जायला लागतो.