वाचक विचारतात : ऑफिसातला अबोला आणि प्रार्थनेचा विषय

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी जालन्याला एका बियाणे कंपनीत अकाउंट्सला आहे, सहा वर्षं झाली. मार्च एंडला मी रात्री नऊ-नऊपर्यंत बसून डीलर लोकांची सगळी खाती जुळवली अन मीटिंगमधे आमच्या सीनियर मॅडमनी ते स्वतःचं म्हणून साहेबांपुढं मांडलं. मी गप बसले. तेव्हापासून बोलणं बंद, फाईलसुद्धा शिपायाच्या हातानं जाती. मी आमच्या महिला मंडळात प्रार्थनेसाठी विषय दिला, सगळ्या बहिणी मनापासून प्रार्थना करायल्यात, पण फरक तर पडला नाहीच, उलट मंडळातल्या एकीची भाची आमच्याच कंपनीत आहे, तिच्याकडून मॅडमला कळलं अन आता त्या जास्तच आखडल्यात. ख्रिस्ती माणसानं क्षमा करायची हे मान्य आहे, पण किती वेळा?
– एक बहीण, जालना

उत्तर : बहिणी, आधी कडू बोलते. तुझी गोष्ट महिला मंडळाला माहीत, त्या भाचीला माहीत, शिपायाला अंदाज आलेला असणारच (शिपायाला सगळं माहीत असतं), मला माहीत, अन देवाला तर होतीच. फक्त ज्यांच्याशी बोलायचं त्या मॅडमशीच तू बोलली नाहीस. प्रार्थनेचा विषय हे आपल्यात गॉसिपचं फार सोज्वळ नाव झालंय, मी पण दिलेत असे विषय, नावासकट अन डिटेलमधे.

बायबलमधलं मत्तय १८:१५ काढून बघ. भावानं अपराध केला तर आधी तू एकटा जा अन दोघंच असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे. तरी नाही तर मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, सांग. तू डायरेक्ट तिसऱ्या पायरीवर गेलीस, अन ती पण भलत्याच मंडळीत, कारण मॅडम काही तुझ्या चर्चला येत नाहीत.

अबोल्याचं मला माहितीये म्हणून सांगते. मी बावीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. एकदा ड्युटी लिस्टवरून एकीशी वाजलं, माझी नाताळची सुट्टी तिनंच कापली असं माझ्या डोक्यात बसलेलं, अन तीन महिने आमचं नाईटचं हँडओव्हर फक्त रजिस्टरात, तोंडानं एक शब्द नाही. एका सकाळी तिनं एका पेशंटला इन्सुलिन दिलेलं पण लिहायचं राहिलं, अन मी सिरिंज भरून बेडपाशी उभी. पेशंटची म्हातारी आई म्हणाली, "बाई, परत का?" माझे हात गारच पडले. ती सिस्टर अजून गेटपर्यंत पण गेली नव्हती, मी पळत जाऊन गाठलं. सुट्टी तिनं कापलीच नव्हती, लिस्ट वरूनच बदलून आलेली. बायबलमधे इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो की राग आला तरी सूर्य मावळायच्या आत सोडा, मी नव्वद सूर्य मावळू दिले अन ते पण न विचारता.

तर आता असं कर. महिन्याच्या क्लोजिंगचे दिवस सोडून एखाद्या दिवशी चहाच्या वेळी जा, दोन मिनिटं मागून घे. अन पहिलं वाक्य तुझ्या चुकीचं असू दे : मॅडम, तुमच्याबद्दल मी बाहेर बोलले, तुमच्याशी बोलायला पाहिजे होतं, चुकलं माझं. कुसळ-मुसळाची म्हण आपण उठता बसता वापरतो, पण प्रभूनं तिथं क्रम पण सांगितलाय, आधी आपलं मुसळ काढ, मग नीट दिसेल. त्यानंतर तुझं सांग, पण "तुम्ही नेहमीच असं करता" नको, नेहमीच म्हटलं की समोरचा भांडायलाच उभा राहतो. डीलरची खाती, मार्चची मीटिंग, माझं नाव आलं नाही, मला वाईट वाटलं, एवढंच बोल अन थांब. त्या काय म्हणतात ते पूर्ण ऐक. कदाचित साहेबांनीच घाई केली असेल, कदाचित खरंच क्रेडिट ढापलं असेल, तुला अजून माहीतच नाही ना. नाहीच ऐकलं तर तुम्ही दोघी ज्यांना मानता असं ऑफिसातलं एखादं जुनं माणूस मधे घे, अन त्याच्यानंतर साहेब.

किती वेळा म्हणशील तर पेत्राला सात वेळा पुष्कळ वाटलेलं अन प्रभूनं साताच्या सत्तरपट सांगितलं. पण क्षमा केली म्हणजे पुढच्या मार्चला पण गप बसायचं असं कुठं लिहिलंय? काम संपलं की साहेबांना स्वतः मेल टाक, मॅडमना सीसीत ठेव. त्यात पाप नाही.

प्रश्न : वाळूजला कंपनीत लाईनवर आहे. वीकली ऑफ शुक्रवारी, त्यामुळं रविवारची उपासना बुडते. माझा मुस्लिम दोस्त बऱ्याचदा माझी रविवारची सकाळची शिफ्ट करून देतो अन मी ईदला त्याची करतो. चर्चमधले काही जण नाकं मुरडायलेत. चूक आहे का?
– एक भाऊ, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भाऊ, नाकं मुरडणाऱ्यांना जालन्याजवळचं बेथेल दाखवून आण. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले, १८४३ ला ख्रिस्ती झाले, पुढं त्यांनी ते गाव वसवलं, अन त्यासाठी जमीन निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिली. म्हणजे मराठवाड्यातली ख्रिस्ती वस्ती मुसलमान दिवाणानं दिलेल्या जमिनीवर उभी राहिली अन तू एका शिफ्टचा हिशोब विचारायलास. फक्त बदली सुपरवायझरला सांगून रजिस्टरवर घेत जा, नाहीतर एखाद्या दिवशी मशीनवर काही झालं तर तो बिचारा अडकायचा. अन एक, दरवेळी तोच तुझ्यासाठी उठतो का ते जरा मोजून बघ, रविवार वर्षात बावन्न अन ईदा दोन.

प्रश्न : आमचा इनचार्ज रात्री घाण मेसेज टाकतो. मी एका काकूंना सांगितलं तर म्हणतात क्षमा कर, एकटीनं समजावून सांग, बायबलमधे तसंच आहे.
– नाव नको, नांदेड

उत्तर : नाही. वर मी एकटीनं जाऊन बोल म्हटलं ते खात्याच्या भांडणासाठी, ह्याच्यासाठी नाही. ह्याला एकटीनं भेटायचंच नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी दे, शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत. मेसेज किळस येऊन डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून घरच्या कुणाच्या तरी फोनवर पण ठेव. अन त्या काकूंना विचार, अर्ज द्यायला सोबत येता का म्हणून. एक-दोघांना सोबत घे, हे पण त्याच अध्यायात आहे.