भारत-पोर्तुगाल करार: मूळ मजकूर आणि खऱ्या तारखा

प्रश्न: गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने करार करून मान्य केले, असे वाचनात येते. मात्र त्या संदर्भात कोणी १९७४ हे वर्ष देते, कोणी १९७५, तर एका लेखात १९६१ असे आढळले. यांपैकी ग्राह्य वर्ष कोणते आणि मूळ करार कोठे पाहावयास मिळेल?
– एम. ए. (इतिहास) ची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: तिन्ही वर्षांना आधार आहे, मात्र ती तीन वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांनी ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करारावर सह्या केल्या. दोन्ही देशांच्या अनुसमर्थनानंतर (औपचारिक मंजुरीनंतर) तो ३ जून १९७५ रोजी अंमलात आला. १९६१ हे वर्ष येते ते पहिल्याच कलमामुळे. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या तारखांपासून भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगाल मान्य करतो, असे हे कलम म्हणते. त्या तारखा कलमात दिलेल्या नाहीत. त्यांसाठी घटनादुरुस्त्या उघडाव्या लागतात: दहाव्या दुरुस्तीने दादरा व नगर हवेली ११ ऑगस्ट १९६१ पासून, तर बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण व दीव २० डिसेंबर १९६१ पासून संघराज्यात आले. बारावी दुरुस्ती झाली १९६२ मध्ये, पण ती मागील तारखेपासून लागू करण्यात आली. म्हणून आपल्या प्रबंधात नुसते वर्ष न लिहिता ते सहीचे, अंमलाचे की मान्यतेच्या परिणामाचे, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. १९७५ पर्यंत गोव्याचा प्रश्न कायद्याने लोंबकळत होता, अशी विधाने सर्रास केली जातात, आणि ती या पहिल्या कलमाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच केली जातात.

मूळ मजकुरासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील भारताच्या करारांचा संग्रह प्रथम पाहावा. दुसरे ठिकाण म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाची करारमालिका. राष्ट्रसंघाच्या सनदेतील १०२ व्या कलमानुसार सदस्य देशांनी आपले करार सचिवालयाकडे नोंदवावयाचे असतात आणि सचिवालय ते प्रसिद्ध करते. न नोंदवलेल्या कराराचा आधार राष्ट्रसंघाच्या कोणत्याही अंगासमोर घेता येत नाही. या मालिकेचे खंड नोंदणीच्या क्रमाने निघतात, सहीच्या क्रमाने नव्हे. त्यामुळे १९७४ चा करार १९७४ च्या खंडात शोधण्यात वेळ घालवू नये; दोन्ही देशांची नावे आणि सहीची तारीख देऊन शोध घ्यावा. ‘गोवामुक्ती’ असा शब्द टाकून काही हाती लागणार नाही, कारण कराराच्या अधिकृत शीर्षकात सार्वभौमत्वाच्या मान्यतेचा उल्लेख आहे. मजकूर मिळाल्यावर शेवटची कलमे आवर्जून वाचावीत; करार अंमलात कसा येतो आणि कोणत्या भाषेतील प्रत प्रमाण मानावयाची, हे बहुधा तेथेच असते.

प्रश्न: १७७९ च्या मराठे-पोर्तुगीज तहाचा मजकूर याच मालिकेत मिळेल काय?
– निवृत्त शिक्षक, वसई

उत्तर: नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मालिकेपूर्वीची लीग ऑफ नेशन्सची मालिका १९२० पासूनचेच करार देते. त्याआधीच्या काळासाठी छापील संग्रहांकडे वळावे लागते. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या तहांचा बिकेर यांनी संपादित केलेला १४ खंडांचा संग्रह लिस्बनमध्ये १८८१ ते १८८७ या काळात प्रसिद्ध झाला.

परंतु या तहापुरता आणखी एक मौल्यवान मार्ग आहे आणि अभ्यासकांनी तो चुकवू नये. दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या हक्कावरून पोर्तुगालने १९५५ मध्ये भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, त्यात हा तह पुरावा म्हणून पुढे आला. न्यायालयासमोर आलेल्या प्रती एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि दोन्ही पक्षांना मान्य अशी अस्सल प्रत नव्हती. तरीही मराठ्यांनी स्वतः तह बंधनकारक मानला होता आणि १७८३ व १७८५ च्या सनदांत त्याचा हवाला होता, म्हणून न्यायालयाने तो ग्राह्य धरला. मात्र तहाच्या सतराव्या कलमाने पोर्तुगिजांना तेथील गावांचे सार्वभौमत्व दिले नव्हते, फक्त महसूल लावून दिला होता, असा निर्वाळा १२ एप्रिल १९६० च्या निकालात दिला. जहागीर-सरंजामाचा (महसुलाच्या नेमणुकीचा) अर्थ काय, यावर हेगमध्ये झालेला हा खल मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा. निकाल आणि दोन्ही बाजूंची कैफियत न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे.

मराठी कागद पाहावयाचे असतील, तर पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर गाठावे. तेथील रुमालांतील (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतील) कागद बहुतांशी मोडी लिपीत आहेत, तेव्हा मोडी येत नसल्यास जाणकार सोबत न्यावा आणि शुहूर सनाच्या (जुन्या मराठी कागदांतील अरबी कालगणनेच्या) तारखा जंत्रीवरून आधीच काढून ठेवाव्यात.