कान पुढे गेलाय, बोटं मागे आहेत

‘माझा हातच वाजवणाऱ्याचा नाही’ असं तुम्ही वाद्य शिकायला लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात म्हणताय, याचं वाईट वाटलं. अहो, सुरुवातीला चूक ऐकूच येत नव्हती, आता येते, म्हणून आपण बिघडत चाललोय असं वाटतं. माझ्या मते ही प्रगतीच आहे.

मीही व्हायोलिनवर अवघड जागा आली की वैतागून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. पहिल्या ओळी पक्क्या झाल्या, अडलेली जागा मात्र वर्षभर तशीच राहिली. तुम्ही फक्त तेवढे चार स्वर घ्या. मेट्रोनोम, म्हणजे लयीसाठी टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, तरी अडखळलात तर ५० वर. सलग पाच वेळा नीट आलं की थोडा वेग वाढवा. दातओठ खाऊन वाजवू नका. खांदे, मनगट आखडलं की बोटं जड होतात. नाहीच जमलं तर खुशाल वाद्य ठेवून द्या. शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करत असतो. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी तीच जागा सहज निघते.

रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. इतरांचे व्हिडिओ तूर्त कमी बघा, स्वतःचं रेकॉर्डिंग मात्र महिन्याला एक करून ठेवा.